आराखडा त्यांचा, मंगळवार आपला: नव्या नियोजित उपनगरात कुटुंबासह राहायला जाताना

नव्या वसाहतींची माहितीपत्रकं कुठलीही उघडा, चित्र ठरलेलं असतं. सायकलवरची मुलगी, बाकावर हसणारे आजी-आजोबा, रस्त्याच्या दुतर्फा एकाच उंचीची झाडं, आणि आकाश असं की बारा महिने रविवारची सकाळच चालू आहे. असलं चित्र बघून आम्ही एकदा घर घेतलं आणि अडीच वर्षांत विकलं. दुसऱ्यांदा घेतलं ते मोजूनमापून. ते आधीच्यापेक्षा लहान आहे, खिडकी रस्त्यावर उघडते, आणि अजून तिथेच आहोत.

पहिल्या घरात तसं वाईट काही नव्हतं. भिंती सरळ, नळाला पाणी, बाग हिरवी. चुकलं इतकंच की आम्ही ते बघायला रविवारी गेलो आणि राहायला लागलो मंगळवारी.

नियोजित उपनगराची कल्पना ज्यांच्यापासून धरतात ते एबेनेझर हॉवर्ड व्यवसायाने लघुलेखक होते, ब्रिटिश संसदेतली भाषणं टिपून घ्यायचे. 1898 मध्ये त्यांनी उद्याननगराचा आराखडा मांडला: 6,000 एकर जमीन, त्यातल्या 1,000 एकरांवर गाव, बाकीची शेती, आणि एकूण वस्ती 32,000. 1903 मध्ये लंडनच्या उत्तरेला लेचवर्थ उभं राहायला लागलं. या आराखड्यात बागांच्या जोडीला कारखानेही होते. राहायचं तिथेच पोट भरायचं, हा हॉवर्ड यांचा मूळ मुद्दा. पुढच्या बहुतेक उपनगरांनी बागा उचलल्या आणि कारखाने मागे ठेवले. म्हणून आज अशा वसाहतीतल्या घरात दोन तऱ्हेची माणसं असतात, सकाळी बाहेर पडून रात्री परतणारी आणि दिवसभर तिथेच असणारी. घर पसंत करताना शब्द मात्र बहुधा बाहेर पडणाऱ्याचा चालतो, कारण कर्ज त्याच्या नावावर असतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या हा तोल सावरण्यासाठी आहेत.

पहिली पायरी: प्रत्येकाचा मंगळवार लिहून काढा

जागा बघायला निघण्याआधी घरातल्या प्रत्येकाने एक कोरा कागद घ्यायचा. सकाळी पाचपासून रात्री अकरापर्यंतचे तास लिहायचे आणि प्रत्येक तासापुढे तीन गोष्टी: मी कुठे असेन, तिथे कशाने पोचेन, सोबत कोण असेल. मंगळवार अशासाठी की तो आठवड्यातला सगळ्यात बिनचेहऱ्याचा वार. सुट्टी नुकतीच गेलेली नसते आणि पुढचीही दूर असते. लहान मुलांचा कागद मोठ्यांनी भरावा, पण दहा वर्षांपुढच्या मुलांच्या हातातलं पेन घेऊ नये.

दुसऱ्या खेपेला आम्ही तीन वसाहती हेरल्या होत्या आणि प्रत्येकीसाठी प्रत्येकाचा वेगळा कागद केला. त्यातली एक सगळ्यांना आवडलेली: तळं, पोहण्याचा तलाव, नवऱ्याच्या ऑफिसला सरळ रस्ता. लेक तेव्हा चौदा वर्षांची. तिच्या कागदावर दुपारी चार ते सात या तासांना मिळून एकच महिरपी कंस होता आणि त्यापुढे लिहिलं होतं, "घरी. कुणी नाही. बस सहाला बंद." तक्रार केली नव्हती तिने, नुसता कागद भरला होता. ती वसाहत आम्ही तिथेच सोडली.

समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट गॅन्स यांनी 1958 मध्ये न्यू जर्सीतल्या नव्याकोऱ्या लेविटटाउनमध्ये (लेविट कंपनीने याच नावाने वसवलेल्या वसाहतींपैकी एक) स्वतः घर घेतलं आणि दोन वर्षं तिथे राहून शेजाऱ्यांचा अभ्यास केला. साच्यातून काढल्यासारख्या घरांत माणसं कंटाळून जातील, एकलकोंडी होतील, असं तेव्हा बरेच टीकाकार म्हणत. गॅन्स यांना उलटंच दिसलं. बहुतेक मोठी माणसं खूश होती. नाराज सापडली ती किशोरवयीन मुलं. गाडी चालवायचं वय नाही, पायी जाण्याजोगं काही नाही, आणि घरात चार मित्र बसवावेत तर खोल्या लहान. माझ्या लेकीचा कंस वाचताना मला तेच आठवलं.

कागद भरून झाले की एक सोपा हिशेब करा: कुणाच्या कागदावर "घरी" हा शब्द सर्वांत जास्त वेळा आलाय? त्या माणसाला दोन मतं द्या. आमच्याकडे ती सासूबाईंना मिळाली आणि त्यांनी ती फार गंभीरपणे वापरली.

प्रवासाच्या रकान्याकडे वेगळं बघायला हवं. चेझारे मार्केत्ती या इटालियन भौतिकशास्त्रज्ञांनी 1994 मध्ये मांडलं की पायी चालणाऱ्या जुन्या शहरांपासून मोटारींच्या शहरांपर्यंत माणूस रोजच्या जाण्यायेण्यात सरासरी तासभरच घालवत आला आहे; वाहन वेगवान झालं की शहर पसरतं, तास तोच राहतो. जाऊनयेऊन तासाच्या वर जात असेल, तर तो वरचा वेळ कागदावर कुठून कापला जातोय ते बघा. झोपेतून, मुलांच्या अभ्यासातून की व्यायामातून? ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुत्झर या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या आकडेवारीवरून दाखवलं आहे की लांबच्या प्रवासाने गमावलेलं समाधान मोठ्या घराने किंवा जास्त पगाराने पुरतं भरून येत नाही.

म्हणून व्यवहाराआधी सलग पाच कामाच्या दिवशी नव्या जागेपासून ऑफिसपर्यंत आणि परत, ज्या वाहनाने रोज जाणार त्याच वाहनाने जाऊन या. एक दिवस पुरत नाही, पहिल्या दिवशी सगळ्यांनाच उत्साह असतो. माझ्या नवऱ्याने तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडीतून उतरताना विचारलं, "हे रोज?" त्या एका प्रश्नाने आमची दुसरी वसाहतही गळली.

दुसरी पायरी: वेगवेगळ्या वेळी, आणि पायी

विक्री विभागाचा माणूस तुम्हाला छोट्या गाडीत बसवून फिरवतो. त्याला नम्रपणे नको म्हणा आणि एकटे जा. निदान तीनदा, आणि तीनही वेळा कामाच्या दिवशी.

सकाळी शाळा-ऑफिसच्या वेळेला मुख्य फाटकाजवळ अर्धा तास उभं राहा. वसाहतीला बाहेर पडायला रस्ते किती, आणि घरं किती? हजार घरांना एकच फाटक असेल तर रोजची पहिली रांग घराबाहेर पडल्या पडल्या लागणार. पुढचे टप्पे पूर्ण झाल्यावर त्याच फाटकातून किती गाड्या निघतील, तेही लगेच विचारा.

दुपारी दोन-तीनच्या सुमाराला गेलात की सावली कळते. माहितीपत्रकातली झाडं वीस वर्षांची असतात, प्रत्यक्षातली मनगटाएवढ्या खोडाची. रोपाची सावली व्हायला जो काळ लागतो तेवढ्यात धाकटा शाळा संपवून बाहेर पडतो. बाक कुठे आहेत, त्यांवर कुणी बसलंय का, खेळाच्या जागेत कुलूप आहे का, बसथांब्याला छप्पर आहे का, हे याच वेळी बघा.

रात्री नऊनंतर एक चक्कर मारा आणि उजेड असलेल्या खिडक्या मोजा. "नव्वद टक्के घरं विकली गेली" हे वाक्य खरं असू शकतं, तरी चाळीसपैकी सहाच खिडक्यांत दिवे दिसू शकतात, कारण घेणाऱ्यांनी गुंतवणूक म्हणून घेतलेली असतात. विकलेलं घर आणि राहतं घर यांतला फरक अंधारात सर्वांत चांगला दिसतो. पायवाटेवरचे दिवे लागतात का, तेही तेव्हाच कळेल. जमलं तर एक फेरी जोरदार पाऊस पडून गेल्यावर करा. तळघरातल्या पार्किंगच्या भिंतीवर पाण्याची रेघ कुठवर आली होती ते दिसतं.

मग चालणं. घरातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाला बरोबर घ्या. आम्ही सासूबाईंना घेतलं. नकाशावर औषधांचं दुकान घरापासून साडेतीनशे मीटर होतं. निघालो, तर मध्ये वसाहतीची भिंत. भिंतीला लागून पलीकडे दुकानाची पाटीसुद्धा दिसत होती. तिथे जायला मात्र पूर्वेच्या फाटकाने बाहेर पडून, वळसा घालून, मोठा रस्ता ओलांडून जायचं. सव्वा किलोमीटर झालं. निम्म्या वाटेत सासूबाई पदपथाच्या कडेवर बसल्या आणि पाण्याची बाटली उघडत म्हणाल्या, "नकाशात मी भिंतीतून गेले होते वाटतं."

क्लॅरेन्स पेरी यांनी 1929 मध्ये न्यूयॉर्कच्या प्रादेशिक योजनेसाठी 'शेजार-घटक' ही कल्पना मांडली, त्यात अंतराचं माप पाव मैलाचं आहे, म्हणजे साधारण 400 मीटर. धडधाकट माणसाची पाच मिनिटांची चाल. शाळा मधोमध, दुकानं कडेच्या चौकात, आणि मुलाला मोठा रस्ता ओलांडायला लागू नये. आजही अनेक आराखडे हेच माप धरतात, पण वर्तुळ कंपासने काढलेलं असतं. वळणावळणाचे रस्ते, बंद गल्ल्या आणि भिंती यांमुळे पायाखालचं अंतर सहज दुप्पट-तिप्पट होतं. घड्याळ लावून चाला. शाळा, दवाखाना, औषधं, बसथांबा, रोजच्या किरकोळ सामानाचं दुकान, या पाचांचा वेळ कागदावर टिपा. बाकी ठिकाणी गाडीने गेलं तरी चालतं.

तिसरी पायरी: आराखड्यावर तीन रंग

पूर्ण वसाहतीचा मंजूर आराखडा मागून घ्या, माहितीपत्रकातलं चित्र चालणार नाही. तीन रंगीत पेन्सिली घ्या. जे आज उभं आहे आणि चालू आहे ते हिरवं. बांधून झालंय पण कुलूप आहे ते पिवळं. नुसतं काढलेलं आहे ते लाल. आता फक्त हिरव्याकडे बघून ठरवा की इथे पुढची तीन वर्षं राहता येईल का. पिवळं लवकर चालू झालं तर आनंदच, आणि लाल विसरून जा.

हे जरा कडू वाटेल, पण इतिहास असाच आहे. न्यू जर्सीतलं रॅडबर्न 1929 मध्ये सुरू झालं. पादचारी आणि मोटारी वेगळ्या ठेवणारी त्याची रचना आजही नगररचनेच्या वर्गात शिकवतात. आराखडा 25,000 लोकांचा होता. त्याच वर्षी महामंदी आली, पुढे बांधणारी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि ठरवलेल्या गावाचा एक छोटा तुकडाच उभा राहिला. इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर वसवलेल्या हार्लोमध्ये तरुण कुटुंबं आधी आली आणि सोयी मागून येत राहिल्या. बाबागाड्या ढकलणाऱ्या आयांमुळे त्याला 'प्रॅम टाउन' म्हणत, आणि तिथल्या एकटेपणाला 1950 च्या दशकात 'न्यू टाउन ब्लूज' असं नावच पडलं. याउलट स्टॉकहोमजवळच्या व्हेलिंगब्यूमध्ये मेट्रो 1952 मध्ये पोचली आणि मुख्य बाजारकेंद्र 1954 मध्ये उघडलं. काम, घर आणि केंद्र तिन्ही एका ठिकाणी हवीत, हे तिथे सुरुवातीलाच ठरलेलं होतं.

लाल रंगातल्या ज्या गोष्टीवाचून तुमचं अडणार आहे (बहुतेकांच्या बाबतीत ती शाळा असते), तिच्याबद्दल चार प्रश्न लेखी विचारा. जमीन कुणाच्या नावावर आहे? पैसा कुणाचा? परवानगी मिळाली आहे की मागितली आहे? आणि तारीख चुकली तर आम्हाला काय मिळणार? तोंडी उत्तर आलं तर त्याच दिवशी ईमेल करा: "आज बोलणं झाल्याप्रमाणे आपण असं सांगितलंत." ईमेलला उत्तर आलं नाही, तर पेन्सिल लालच ठेवा.

आराखड्यावर 'भविष्यातील विकास' असं लिहिलेला मोकळा तुकडा तुमच्या खिडकीसमोर असेल, तर तिथे एक दिवस इमारत येणार असं धरून चाला. सिमेंटच्या गाड्या पुढच्या टप्प्यांकडे कुठल्या रस्त्याने जाणार तेही विचारा. आमच्या पहिल्या घरासमोरून त्या रोज जात. अडीच वर्षांत आम्ही खिडकी किती वेळा उघडली ते बोटांवर मोजता येईल.

चौथी पायरी: पैसा, आणि राहण्याचे नियम

घराची किंमत सगळे नीट तपासतात, म्हणून त्यावर मी फार बोलत नाही. निसटतं ते दरमहाचं. देखभाल शुल्क आज किती, कुठल्या क्षेत्रफळावर, आणि सुरुवातीची काही वर्षं विकसक त्यातला वाटा उचलतोय का? उचलत असेल, तर वसाहत रहिवाशांच्या ताब्यात येईल त्या वर्षी शुल्क उडी मारणार. पोहण्याचा तलाव, कारंजी, चार लिफ्टा हे सगळं सांभाळायला माणसं आणि वीज लागते, तुम्ही पोहा न पोहा. मोठ्या दुरुस्तीसाठी राखीव निधी आहे का, आणि त्यात खरंच पैसे आहेत का, हे मागच्या वर्षाच्या हिशेबात दिसतं. हिशेब दाखवायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

यात प्रवासखर्च मिळवा. उपनगरात गेल्यावर कित्येक घरांना दुसरं वाहन घ्यावं लागतं आणि स्वस्त पडलेल्या घराची बचत त्यात जाते. शिवाय जुनं भाडं आणि नवा हप्ता निदान दोन महिने एकदम भरावे लागतील असं धरून चाला. ताबा वेळेवर मिळाला तरी साफसफाई, जोडण्या आणि दुरुस्त्यांत तेवढा वेळ जातोच. शक्य असेल तर त्याच वसाहतीत आधी वर्षभर भाड्याने राहा. दोनदा सामान हलवण्याचा त्रास आहे खरा, पण चुकलेलं घर विकण्याच्या त्रासापुढे तो काहीच नाही.

नियमावली ही दुसरी दुर्लक्षित वस्तू. सही करण्याआधी पूर्ण वाचा. पाळीव प्राणी, भाडेकरू, पाहुण्यांच्या गाड्या, गॅलरीला जाळी, घरातून चालणारा शिकवणीवर्ग किंवा छोटा व्यवसाय, मुलांच्या खेळण्याच्या वेळा, यांतलं काय चालतं आणि काय नाही? न्यूयॉर्कजवळच्या पहिल्या लेविटटाउनमध्ये 1947 पासून कुटुंबं आली तेव्हा कुंपण घालायला बंदी होती आणि शनिवार-रविवारी बाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत असा दंडक होता. त्याच सुरुवातीच्या करारात गोऱ्यांखेरीज कुणी राहू नये असंही कलम होतं. वसाहत कुणाला आपलं समजते हे नियमावलीत दिसतं. आज ते इतकं उघड लिहिलेलं नसतं, पण भाडेकरूंसाठी वेगळी लिफ्ट किंवा घरकामाला येणाऱ्या बाईंना बागेतल्या बाकावर बसायला मनाई, अशा ओळींतून वास येतोच. तो आपल्याला चालतो का, हे घरी बोलून ठरवा.

पाचवी पायरी: ताबा घेताना

दिवसाउजेडी जा, तीन तास राखून ठेवा, आणि बरोबर न्या: बादली, विजेरी, फोनचा चार्जर, पेन्सिल, एक गोटी. चार्जर प्रत्येक सॉकेटला लावून बघा. सगळे नळ एकदम सोडा आणि त्याच वेळी फ्लश करा, पाण्याचा दाब कुठे मरतो ते कळतं. न्हाणीघरात बादलीभर पाणी ओतून दहा मिनिटं थांबा. पाणी जाळीकडे जायला हवं, कोपऱ्यात साचता कामा नये. गोटी जमिनीवर ठेवली की उतार सांगते. विजेरी भिंतीला टेकवून आडवी धरलीत तर गिलाव्यातला प्रत्येक फुगवटा दिसेल. खिडक्या आणि दारं सगळी उघडून मिटा, एकही वगळू नका.

केसाएवढ्या बारीक भेगा नव्या गिलाव्यात पडतातच, गिलावा वाळताना आकसतो. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली किंवा नाण्याची कड जाईल एवढी रुंद भेग वेगळी. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख घाला, म्हणजे महिन्याभराने ती वाढली का ते कळेल. सगळ्या दोषांची यादी करा, फोटो काढा, तारखेसह समोरच्याची सही घ्या, आणि मगच किल्ली घ्या. किल्ली घेतल्यावर केलेली यादी म्हणजे विनंतीपत्र. पहिल्या घरात "दोन दिवसांत माणूस पाठवतो" या शब्दावर मी सही केली होती. माणूस सात महिन्यांनी आला, आणि त्याच्याकडे शिडी नव्हती.

काँक्रीट आणि गिलाव्यातलं पाणी पुढे कित्येक महिने बाहेर पडत राहतं. पहिलं वर्ष कपाटं बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा, नाहीतर मागे बुरशी धरते. नव्या प्लायवूड-पार्टिकल बोर्डातून फॉर्मल्डिहाइड निघतो आणि उष्ण, दमट हवेत जास्त निघतो. मुलांच्या खोलीतलं फर्निचर म्हणून सगळ्यात आधी करून घ्या आणि खिडक्या उघड्या ठेवून ती खोली जमेल तितके आठवडे रिकामी राहू द्या.

सहावी पायरी: सामान

याबद्दल सगळ्यांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. पुस्तकं लहान खोक्यांत, उशा-पांघरुणं मोठ्या. खोक्यावर आतली वस्तू लिहू नका, कुठल्या खोलीत जायचं ते लिहा. हमाल वस्तू शोधत नाही, खोली शोधतो. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून पुसून ठेवा, उभाच न्या, आणि आडवा न्यावाच लागला तर काही तास उभा ठेवल्याशिवाय चालू करू नका. रोजची औषधं निदान महिन्याची घ्या आणि ती, कागदपत्रं, चार्जर, एकेक जोडी कपडे, दोन बल्ब आणि पडद्याऐवजी लावायला दोन चादरी एका पिशवीत घालून पिशवी हातातच ठेवा. नव्या वसाहतीत लिफ्टची वेळ आधी नोंदवायला लागते का ते विचारा. आमचं सामान दुपारी एक ते चार फाटकाबाहेर ट्रकमध्ये बसून होतं, कारण एक ते चार "शांततेची वेळ" होती.

पत्ता बदलताना शाळा आणि आरोग्यविमा आधी, मग बँक, मग बाकीचे. जुन्या पत्त्यावरचं टपाल कुणीतरी सहा महिने घेऊन ठेवेल अशी सोय करून निघा.

सातवी पायरी: माणसं

घर लावायला दोन आठवडे पुरतात. ओळखींना किती लागतात याचा अंदाज जेफ्री हॉल या संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्यासाठी त्यांनी ज्यांना विचारलं त्यांत नुकतंच राहतं ठिकाण बदललेली मोठी माणसंही होती. परिचिताची साधी मैत्री व्हायला एकत्र घालवलेले साधारण 50 तास, जवळची मैत्री व्हायला 200 च्या वर. आठवड्यातून एकदा तासभर भेटलं तर 50 तासांना वर्ष जातं. हा आकडा वाचून मला हायसं वाटलं. पहिल्या वर्षी मी स्वतःलाच माणूसघाणी समजत होते. प्रत्यक्षात तास भरलेच नव्हते.

तास भरतात ते कार्यक्रमांत कमी आणि येताजाता जास्त. लिऑन फेस्टिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत केलेला अभ्यास 1950 मध्ये आला. एकाच मजल्यावर, लगतच्या दारातल्यांना जवळचे मित्र म्हणणारे 41 टक्के निघाले, दोन दारं पलीकडच्यांना 22 टक्के, आणि मजल्याच्या दुसऱ्या टोकाच्यांना 10 टक्के. अंतर म्हणाल तर काही पावलांचं. जिन्याशी आणि टपालपेट्यांशी ज्यांची दारं होती, त्यांच्या वरच्या मजल्यावरही ओळखी झाल्या. म्हणून घर निवडायची संधी असेल तर दृश्यापेक्षा दार कुठे उघडतं ते बघा. तळ्याकडे तोंड केलेल्या आमच्या पहिल्या घराच्या दारासमोर भिंत होती. आताच्या घरासमोर जिना आहे, आणि त्या जिन्यावर नेहमी कुणी ना कुणी बूट घालत बसलेलं असतं.

नव्या वसाहतीत एक फायदा असतो: पहिल्या काही महिन्यांत सगळेच नवे. तेव्हा दार वाजवलं तर कुणाला विचित्र वाटत नाही, वर्षभराने वाटतं. पहिल्या आठवड्यात आजूबाजूच्या चार घरी जाऊन नाव सांगा आणि काहीतरी मागा. शिडी, स्क्रू ड्रायव्हर, प्लंबरचा नंबर. देण्यापेक्षा मागण्याने ओळख लवकर होते असा माझा अनुभव आहे, कारण परत द्यायला पुन्हा जावंच लागतं. वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये जरूर जा, पण पहिले तीन महिने तिथे तक्रार लिहू नका. पहिल्या तक्रारीनेच तुमचं नाव पडतं. समितीत जायची घाई करू नका. ठरलेल्या वेळेचं एखादं छोटं काम घ्या, जसं शनिवारी सकाळी तासभर वाचनालय उघडणं. त्यात तास आपोआप भरतात.

मुलांसाठी शाळा सुरू होण्याच्या तीन-चार आठवडे आधी राहायला जा, म्हणजे वर्गातला एखादा चेहरा खालच्या अंगणातला असेल. किशोरवयीन मुलांना जुन्या मित्रांकडे जायच्या तारखा आधीच ठरवून द्या, कॅलेंडरवर लिहून. "जाऊ कधीतरी" यावर त्यांचा विश्वास नसतो, आणि बरोबरच आहे. म्हाताऱ्या माणसांची जुनी बाकावरची मंडळी तुटते ती सर्वांत जड जाते. सासूबाईंच्या मैत्रिणीला आम्ही दुसऱ्याच आठवड्यात चार दिवस राहायला बोलावलं. त्या दोघींनी मिळून वसाहत पायाखाली घातली आणि आम्हाला ठाऊक नसलेलं मागचं छोटं फाटक शोधून काढलं.

सहा महिन्यांनी

सहा महिने झाल्यावर एका मंगळवारी रात्री सगळ्यांनी पुन्हा कागद भरायचे, या वेळी कल्पनेने नाही, त्या दिवशी घडलं तसे. मग जुने कागद काढून शेजारी ठेवायचे. त्याआधी घर विकण्याची किंवा परत जाण्याची चर्चा आम्ही घरात बंद ठेवली होती, आणि ही बंदी पाळणं पहिल्या दोन महिन्यांत अवघड गेलं.

लेकीच्या चार ते सातच्या कंसात आता तीन वेगवेगळ्या ओळी होत्या, त्यातली एक "जिन्यावर, समोरची दोघं". सासूबाईंनी अर्धा कागद भरून उरलेल्या जागेत फाटकाचा नकाशा काढला होता. नवऱ्याचा प्रवास पंचावन्न मिनिटांचा. सगळं जुळतंय म्हणून मी कागद गोळा करायला लागले, तेव्हा लेकीने माझा उचलला. मी घरून काम करते, त्यामुळे माझ्या कागदाची काळजी कुणी केली नव्हती, मीही नाही. अकरा ते चार, एकच महिरपी कंस. "घरी. कुणी नाही." अगदी तिच्या जुन्या कागदासारखा, अक्षर तेवढं माझं.

ती म्हणाली, "आई, हे बघितलंस का तू?"

बुधवारी मी लॅपटॉप घेऊन वाचनालयात जाऊन बसले. तिथल्या टेबलाजवळ सॉकेट नव्हतं, म्हणून शेजारच्या ब्लॉकमधल्या एका बाईंकडे एक्स्टेन्शन कॉर्ड मागायला गेले.